भिंतीवरची तिसरी

आमच्या आत्याला लहानपणापासून घरात भिंगरी म्हणायचे. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यापुरतं. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. जेवताना मधेच उठून खिडकीपाशी जायची, परत येऊन दोन घास खायची, पुन्हा उठायची. आजी म्हणायची, हिच्या पायांना चाकं आहेत आणि चाकांना ब्रेक नाहीत. पुढे ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली. तिथलं काम उभ्यानं. फिरत्या चाकावर काच धरायची, मग डोळ्याला भिंग लावून कुठे ओरखडा राहिलाय का ते बघायचं. माझे वडील म्हणाले, भिंगरी होतीच, आता भिंगही आलं. हा विनोद आमच्या घरात इतका चालला की शेवटी त्यावर कोणी हसेनासं झालं.

लग्न तिनं अगदी उलट्या माणसाशी केलं. आतोबा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. घाई हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता. एखादा बारीक स्क्रू हातातून निसटून हरवला तर दुसरा कोणी मशीनखाली डोकं घालून शोधत बसेल, हे चहा मागवायचे. "तो कुठे जातोय, त्याला काय पाय आहेत?" असं म्हणायचे, आणि चहा संपेपर्यंत स्क्रू खरंच कुठेतरी दिसायचा. या दोघांचं जमतं कसं, असं लोक विचारत. आत्या म्हणायची, जमायला न जमायला दोघं एका वेळी घरात तर असायला हवीत, मी कुठे असते?

ती कामावरून निवृत्त झाली आणि त्याच हिवाळ्यात आतोबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळ्या शब्दांतून एकच मागे राहिला, "बरं." भूक लागली तरी बरं, पाणी नको असलं तरी बरं, राग आला तरी बरंच. हळूहळू आम्ही त्या एका शब्दाचे सूर ओळखायला शिकलो. लांबवला तर नको, तुटक आला तर हो, आणि नाकातून आला तर गप्प बसा.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, दूरच्या शहरात नोकरीला. ती रोज फोन करायची, पण फोनवरून कोणाला कूस बदलून देता येत नाही. आतोबांचा पलंग गॅलरीच्या दारापाशी आणला, आणि जिला कधी खुर्चीत पाच मिनिटं कोणी पाहिलं नव्हतं ती आत्या त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे कशी, तर तिचा पाय सारखा हलत असायचा. खुर्ची लाकडी, जमीन पोकळ. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन विचारलं, वरती मशीन चालू असतं का हो दिवसभर?

माझी शाळा सकाळची. मी मुलांना शिकवून दुपारी सुटले की थेट त्यांच्याकडे जायची. मी दारात दिसले की आत्या पिशवी खांद्याला अडकवून माझ्या अंगावरूनच बाहेर पडायची. पाय मोकळे करून येते, एवढंच म्हणायची. कुठे जायची ते तिलाही माहीत नसायचं. वाण्याच्या दुकानापर्यंत, तिथून पुलापर्यंत, तिथून बसडेपोच्या मागच्या गल्लीत. डेपोच्या भिंतीच्या कडेनं एक लांब ओसाड पट्टा होता, फुटक्या विटा, तेलाचे डाग, आणि त्यात उगवलेलं रान. एक दिवस काहीतरी हातात घेऊन यायचं म्हणून तिनं त्यातलं एक झुडूप उपटून आणलं आणि आतोबांच्या पांघरुणावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक आणलं.

ही झाडं तुम्ही पाहिली असतील. गुडघाभर उंच, पोकळ दांडा, मोडला तर पांढरा चीक, वर पिवळी फुलं, आणि फुलं सरली की कापसासारख्या म्हाताऱ्या उडतात. जगात जिथे म्हणून माणसानं माती उकरलीये तिथे ती उगवतात. आतोबांनी डाव्या हाताचा अंगठा पहिल्या झाडाच्या पानावरून फिरवला आणि "बरं" म्हणाले. मग दुसऱ्याच्या पानावरून फिरवला. अंगठा चटकन मागे घेऊन पुन्हा "बरं" म्हणाले, पण हा सूर वेगळा होता. आत्यानं पिशवीतून भिंग काढलं.

तिथून तिला नाद लागला. दुपारी ती जायची तेव्हा फुलं मिटलेली असायची, कारण ही फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत दार लावून घेतात. त्यामुळे बघायला तिच्या वाट्याला पानंच आली. पान जिथे दांड्याला मिठी मारतं तिथे त्याला दोन कान असतात. एका जातीचे कान बाणाच्या टोकासारखे, दांड्याच्या पलीकडे निघालेले. दुसरीचे गोल, एडक्याच्या शिंगासारखे वळून दांड्याला चिकटलेले, पान चकचकीत आणि कडेला काटे. आत्यानं एकीला कानी म्हटलं, दुसरीला शिंगी. रोज दोन्हींची पानं आणायची आणि आतोबांसमोर धरून विचारायची, ही कोणती? कानी असेल तर ते तर्जनी वर करायचे, शिंगी असेल तर वाकवायचे. क्वचितच चुकायचे. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी काहीतरी घडत होतं.

पुढे ती आपणहून कॉलेजात गेली. तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे आणि तो सांभाळणाऱ्या एक मॅडम आहेत. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. आत्यानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली झाडं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आधी त्यांच्या चष्म्याकडे बघून सांगितलं, डाव्या काचेवर आडवा ओरखडा आहे, त्यानं डोकं दुखत असेल. मॅडमनी चष्मा काढून पाहिला आणि मग टेबलावरच्या झाडांकडे बघितलं. त्यांनी सांगितलं की ही सूर्यफुलाच्या, झेंडूच्या, शेवंतीच्या मोठ्या खटल्यातली मंडळी. ज्याला आपण एक फूल म्हणतो ती मुळात एका बशीत बसलेली बारीक फुलांची गर्दी असते. या दोघी सख्ख्या बहिणी, भल्याभल्यांनी यांची गल्लत केलीये. कान बघता ते ठीक, पण बी बघा. कानीच्या बीवर आडव्या सुरकुत्या असतात, शिंगीचं बी गुळगुळीत, फक्त उभ्या रेघा.

आत्या घरी आली ती वाऱ्यावर. जिन्यातूनच आतोबांना सांगत आली.

आणि मग तिला तिसरी सापडली.

डेपोच्या भिंतीत, डोक्याइतक्या उंचीवर, विटांच्या फटीत एक झाड होतं. पान जाड, चामड्यासारखं, जांभळट झाक, कडेला काटे, सगळं शिंगीसारखं. पण कान मात्र टोकदार. आत्यानं विटेवर चढून पाहिलं, उतरून पाहिलं, दुसऱ्या दिवशी मला घरी ठेवून पुन्हा जाऊन पाहिलं. तिचा जीव थाऱ्यावर राहीना. बोलताना वाक्य अर्धं सोडायची. चहात साखर दोनदा घालायची. मॅडमना एक पान नेऊन दाखवलं तर त्या म्हणाल्या की या दोन बहिणींचा संकर कधीमधी होतो, पण त्याचं बी बहुतेक पोचट निघतं. बी भरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. बी आणा, मग बोलू.

पण बी धरायला झाड तेवढे दिवस जगायला हवं, आणि डेपोची भिंत साफ करायला महापालिकेचा एक सफाईवाला यायचा. लांब दांड्याचं खुरपं घेऊन तो भिंत खरवडत यायचा. आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तो म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, अंगावर माती पडेल." ती म्हणाली, पडू दे. त्यानं विचारलं, काय आहे तिथे? तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं पान पाहिलं, मग आपलं बोट भिंगाखाली धरून नखातली माती पाहिली, आणि भिंग परत देत म्हणाला की मुकादम विचारतील तर मी काय सांगू? आत्या म्हणाली, सांगा एक वेडी बाई आडवी आली. तो म्हणाला, ते मी रोजच सांगतो, आज खरं असेल. त्या दिवशी त्यानं झाड सोडलं. पण पुढच्या वेळेचं काय, या विचारानं आत्याची झोप उडाली.

नंतर जे झालं ते सांगायला जड जातं. माझ्या शाळेत परीक्षा होती, मला दुपारी जाता येणार नव्हतं. तसं मी आत्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि ती म्हणाली होती, मग मी जाणार नाही, त्यात काय. पण त्या दुपारी तिला गल्लीतून खरवडल्यासारखा आवाज आला. आतोबा झोपले होते. नुसतं बघून येते, असं स्वतःशीच म्हणून ती उतरली. आवाज डेपोच्या भिंतीचा नव्हताच, कोणीतरी गाडीचा पत्रा घासत होतं. पण आलोच आहोत तर, म्हणून ती भिंतीपाशी गेली. झाडाला कळ्या आल्या होत्या. ती विटेवर चढली.

परत आली तेव्हा आतोबा जमिनीवर होते. पाण्याचा पेला घ्यायला वळले असतील. हनुवटी फुटली होती, लुळा हात अंगाखाली अडकला होता, तोंड पलंगाच्या पायाकडे. किती वेळ तसे पडले होते कोण जाणे. तिनं खालच्या बाईंना हाक मारली, दोघींनी उचललं. हनुवटीला टाके पडले. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब. मी संध्याकाळी गेले तर आत्या खुर्चीत बसली होती आणि तिचा पाय हलत नव्हता. तो थांबलेला पाय पाहून मला जास्त भीती वाटली.

तिनं बाहेर जाणं सोडलं. मी दारात दिसले तरी उठेना. मी म्हटलं, आत्या, मी आहे ना, जा तू. तर म्हणे, काही नको. दिवसामागून दिवस ती त्या खोलीत फिरायची. खिडकी पुसायची, पेला इकडचा तिकडे ठेवायची, घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा घडी घालायची. आतोबांची उशी इतकी सारखी करायची की त्यांना डोकं टेकायला मिळायचं नाही. आतेबहिणीचा फोन आला की एकाच सुरात उत्तरं द्यायची. वाघीण पिंजऱ्यात घातली तर निदान गुरगुरते. ही गुरगुरतही नव्हती.

एका दुपारी ती पलंगाच्या चौकटीवरून फडकं फिरवत होती. तिची पिशवी नेहमीप्रमाणे उशाच्या दांडीला अडकवलेली होती. आतोबांनी डावा हात लांबवला, पिशवी ओढून काढली आणि दाराकडे फेकली. फारशी लांब गेली नाही, खुर्चीला लागून पडली. आत्यानं ती उचलून पुन्हा दांडीला अडकवली. त्यांनी पुन्हा फेकली. या वेळी दारापर्यंत गेली, आणि आतलं भिंग घरंगळत उंबऱ्याला जाऊन थडकलं. ते दमले होते, छाती वरखाली होत होती, हनुवटीवरचा व्रण लाल झाला होता.

"मला हाकलताय?" आत्यानं विचारलं.

"बरं," ते म्हणाले. तुटक.

तिनं भिंग उचललं, बाहीला पुसलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, आधी सावकाश, मग भराभर.

भिंत खरवडून स्वच्छ झाली होती. सगळी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसत्या विटा. फक्त डोक्याइतक्या उंचीवर ते एक झाड तसंच होतं, आणि खाली कोणी एक फुटकी वीट उभी करून ठेवली होती, खूण म्हणून. सफाईवाल्यानं मुकादमाला काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही. झाडाला म्हाताऱ्या धरल्या होत्या, काही उडूनही गेल्या होत्या. उरलेल्या आत्यानं हातरुमालात धरल्या.

भिंगाखाली बी भरलेलं दिसलं. आडव्या सुरकुत्याही होत्या, पण पुसट. मॅडमनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की मला ही कानीच वाटते. आत्या म्हणाली, कानीच्या सुरकुत्या मी रोज बघते, त्या खोल असतात, आणि पान बघा ना. मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, पेरून बघा. तिन्हींचं बी, एकच माती, एकच ऊन, एकच पाणी. वेगळी असेल तर वेगळीच उगवेल. मग म्हणाल्या, "आणि ताई, कोणत्या डब्यात काय पेरलंय ते तुम्हाला कळता कामा नये. नाहीतर तुम्हाला हवं तेच दिसेल."

हे काम आतोबांचं झालं. मी मातीचे डबे भरून दिले. त्यांच्याकडे जुन्या दुकानातले दोऱ्यांचे रीळ होते. आत्याला स्वयंपाकघरात पाठवून त्यांनी डाव्या हातानं एकेक डब्यात बी टाकलं आणि बुडाशी दोरा चिकटवला, लाल, निळा किंवा पांढरा. कोणता रंग कोणाचा ते त्यांना माहीत आणि मला. मग डबे गॅलरीत उलटसुलट मांडले. एका हातानं दोरा चिकटवताना त्यांची जीभ दातात आलेली, कपाळावर घाम, पण मला मदत करू देईनात. कितीतरी महिन्यांनी ते आपलं काम करत होते.

त्यानंतर वाट बघणं आलं, आणि वाट बघणं हा आत्याचा प्रांतच नव्हता. सकाळी डोळा उघडला की गॅलरीत. पाणी घातलं की लगेच वाकून बघायची उगवलं का. मॅडमना इतक्या वेळा विचारून आली की शेवटी त्यांनी सांगितलं, रोपं ओरडून बोलावल्यानं वर येत नाहीत. आतोबा पलंगावरून बघत राहायचे. ते काही विचारायचे नाहीत. डबे त्यांच्या डोळ्यांसमोरच होते, आणि मला वाटतं काय होतंय ते त्यांना आमच्याआधी कितीतरी दिवस कळलं होतं. मला एकदा त्यांनी नजरेनं एक डबा दाखवला, मग दुसरा. मी बघितलं आणि मान खाली घातली.

रोपं हातभर झाल्यावर आत्या म्हणाली, आता निवडते. मी डबे आत आणून जमिनीवर मांडले. ती गुडघ्यांवर रांगत एकेक पान उलटून बघू लागली. शिंगी पटापट निघाल्या, त्या भिंतीकडे सरकवल्या. उरलेल्यांमधून तिला दोन गट करायचे होते. एक डबा उजवीकडे ठेवला, मग उचलून डावीकडे ठेवला, मग पुन्हा उजवीकडे. पानं सगळी मऊ, रुंद, फिकट हिरवी. कान सगळे टोकदार. कुठे चामडं नाही, जांभळी झाक नाही. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. ऊन सरकून दुसऱ्या भिंतीवर गेलं तरी शिंगी एकीकडे आणि बाकी सगळी एकीकडे, असे तिचे गट दोनच होते.

"तुम्ही दोरे चुकवलेत," ती म्हणाली. "एका हातानं करताना इकडचं तिकडे झालं."

मी आतोबांकडे पाहिलं. ते काहीच म्हणाले नाहीत, बरंसुद्धा नाही. डाव्या हातानं त्यांनी मला खूण केली, डबे उचलून दाखव. मी एकेक डबा उचलून त्याचं बूड आत्यापुढे धरलं. भिंतीकडे सरकवलेले सगळे निळे. उरलेल्यांत लाल आणि पांढरे, मिसळलेले, आणि डोळे मिटून चाचपलं तरी त्यांच्यात फरक सापडला नसता. पांढरा म्हणजे तिसरी, असं मी सांगितलं. सगळं दाखवून झाल्यावर आतोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी आत्यानं भरवायला घास पुढे केला तर तोंड उघडलं नाही. माझ्या हातून जेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सकाळीच गेले आणि आत्या सकाळीच बाहेर पडली. पहिल्यांदाच तिला ती फुलं उघडलेली दिसली असतील, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. तिनं मला सांगितलं ते वेगळंच. भिंतीवरच्या त्या झाडाच्या म्हाताऱ्या उडून खालीवर सगळीकडे नवी रोपं आली होती. भिंतीच्या पायाशी एक गळका पाइप आहे, तिथल्या ओल्या मातीतली रोपं मऊ, रुंद, गॅलरीतल्यासारखी. जरा वरच्या फटीतलं पान थोडं जाड. आणखी वर आणखी जाड, कडेला काटे. अगदी वर, जिथे दिवसभर ऊन आणि चमचाभर माती, तिथे चामडं आणि जांभळा रंग. "सगळी एका ओळीत होती गं," ती म्हणाली. "खालच्यांना मी इतके दिवस कानी म्हणून सोडून देत होते आणि वरचीला डोक्यावर घेऊन नाचत होते. उन्हानं आणि खुरप्यानं तिला तशी केली होती. बाकी काही नाही."

मग ती पलंगाशी गेली. खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. आतोबांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"अहो, तुमचा एकही दोरा चुकला नव्हता. माझं चुकलं. झाडाबद्दलही चुकलं आणि परवा तुम्हाला बोलले तेही चुकलं."

त्यांनी तोंड फिरवलं नाही. पण "बरं" म्हणाले, नाकातून. आत्या गप्प बसली आणि जाऊन चहा ठेवला. दुपारी त्यांनी तिच्या हातून दोन घास खाल्ले.

मॅडमना जाऊन सांगायला तिला काही दिवस लागले. पिशवी घेऊन निघायची आणि पुलावरून परत यायची. शेवटी गेली, आणि मॅडमनी विचारलं की वाईट वाटलं का. ती म्हणाली, वाटलं, फार वाटलं, मला वाटलं होतं की जगात कोणालाच माहीत नाही असं काहीतरी मला दिसलंय. मॅडम म्हणाल्या की लोक माझ्याकडे तिसऱ्या घेऊन येतच असतात, बहुतेक अशाच निघतात, पण स्वतः पेरून स्वतःच खोटी पाडून सांगायला कोणी येत नाही. मग त्यांनी शहराचा नकाशा पसरला. कोणत्या भागात कोणती रानटी झाडं उगवतात ते त्यांना पायी फिरून नोंदवायचं होतं आणि फिरणारं कोणी मिळत नव्हतं. आत्यानं नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, कालव्याच्या पलीकडे कोणी गेलंय का?

आतेबहिणीनं पैसे पाठवून सकाळसाठी एक बाई ठेवली, आणि आत्या सकाळी फिरू लागली. गोदामांच्या मागे, कब्रस्तानाच्या कुंपणाशी, शाळांच्या गटारांच्या कडेला. घरी येऊन आतोबांना सांगायची, आणि ते ऐकता ऐकता झोपून जायचे. असं आणखी दोन हिवाळे चाललं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, ते गेले. मी त्यांच्यापाशी होते. आत्या कालव्यावर होती. तिला निरोप पोचून ती येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक बोलायचं ते बोललेच, की नवरा जाताना बायको रानात गवत बघत होती. आत्यानं ऐकून घेतलं. पुढे एकदा, कोणी नसताना, मला म्हणाली, "घरात बसले असते तर त्यांनी पिशवी फेकली असती." आणि मग खूप रडली, उभ्या उभ्या, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जात येत.

मुलीनं तिला आपल्याकडे नेलं. तिथे दहाव्या मजल्यावर घर, लिफ्ट, खाली फरशी आणि फरशीला फट म्हणून नाही. पंधरवड्यात आत्या परत आली. मुलीला म्हणाली, तुझं घर छान आहे पण तिथे काही उगवत नाही.

आता तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती बसनं जाते आणि शेवटच्या थांब्यावर उतरते. कंडक्टरशी तिचं भांडण असतं, कारण खिडकीतून काही पिवळं दिसलं की ती मधेच बस थांबवायला सांगते. मॅडमशीही भांडते. मधे एका पिवळ्या फुलावरून दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या, कोण बरोबर होतं ते मला अजून समजलेलं नाही.

परवा मी तिच्याकडे गेले तर दाराला कुलूप. खालच्या बाई म्हणाल्या की सकाळीच गेल्यात, स्टेशनच्या मागे नवा रस्ता खोदायला घेतलाय, खोदलेल्या मातीतून जुनं बी वर येतं म्हणे. दुपार झाली होती, ती जेवली असेल की नाही कोण जाणे. मी जिन्यावर बसले. जरा वेळ बसले, उठले, परत बसले. मग म्हटलं हे काही खरं नाही, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.